क्षमाला काय सोसत नाही

आमच्या क्षमाच्या अंगावर पहिल्यांदा पित्त उठलं तेव्हा ती जेमतेम बसायला लागली होती. सकाळी न्हाऊन झोपलेली पोर उठली ती पाठीवर आणि मांड्यांवर लाल चट्टे घेऊनच. घरात मोठी माणसं तीन: मी, माझी बायको शुभा आणि माझी आई. तिघांनी तीन कारणं सांगितली. मी म्हणालो, डास. शुभा म्हणाली, लंगोटाचा साबण. आईने कारणबिरण काही शोधलं नाही, "पित्त आहे" म्हणाली आणि आमसुलाचं पाणी तिच्या अंगाला लावून मोकळी झाली. संध्याकाळपर्यंत चट्टे गेले आणि तिघांनाही आपापलं म्हणणं खरं वाटलं.

मग ते वरचेवर व्हायला लागलं. कधी चट्टे, कधी सुजलेला ओठ, कधी पोटात गेलेलं सगळं बाहेर. बारशाला ज्या गालांचे सगळ्यांनी गालगुच्चे घेतले होते ते गाल आत गेले. मांडीवर घेतली की हाडं लागायची. ही पोर आपल्या हातची जाणार की काय, ही भीती मला तेव्हापासून वाटत होती. पण ती बोलायची सोय नव्हती, कारण घरातल्या दोन्ही बायका माझ्या तोंडाकडे बघून धीर धरत होत्या.

त्यात माझा धंदा असा की मला हे कळायला हवं होतं. मी एका विमा कंपनीत आगीचे दावे तपासायचो. जळक्या गुदामात उभं राहून आग कुठून लागली आणि कशाने लागली हे सांगायचं, हे माझं काम, आणि मी त्यात बरा होतो. घरी मात्र आठवड्यातून एकदा आग लागत होती आणि मला काडी सापडत नव्हती.

पहिला संशय अंजनाबाईवर आला. ही वेसाव्याची कोळीण. अंधेरीतल्या आमच्या रस्त्याला तिची पाटी वर्षानुवर्षं यायची, आणि आमच्या घरी मासे नाहीत म्हणजे सुतक असल्यासारखंच. पण शुभा अंगावर पाजत होती, म्हणून तिचे मासे बंद झाले आणि तिच्याबरोबर आमचेही. अंजनाबाई पाटी खाली ठेवून दारातच बसली.

"माज्या म्हावऱ्यान काय खोट हाय, ता सांग मना," ती म्हणाली.

"पोरीला सोसत नाही, अंजनाबाई."

"पोर कवा खाते म्हावरा? तिला दात तरी हायेत का?"

मासे बंद होऊन आठवडा झाला नसेल तर पुन्हा पित्त उठलं. म्हणजे मासे निर्दोष. तरी शुभा म्हणाली, कशाला उगाच, राहू दे बंदच. आमच्या घरात पुढे हेच चाललं. ज्याच्यावर आळ आला तो पदार्थ निर्दोष सुटला तरी तुरुंगातच राहायचा. वांगं गेलं, चणाडाळ गेली, शेंगदाणे गेले, खोबरं गेलं. शुभाच्या ताटात भात, तूप आणि दुधी भोपळा एवढंच उरलं, आणि ती क्षमाच्या जोडीने वाळायला लागली.

मग एक दिवस मला शोध लागला. पित्त नेहमी न्हाण्यानंतर उठत होतं. मी हे घरात जाहीर केलं तेव्हा माझा आवाज जरा चढलेला असणार, कारण आई फटकन म्हणाली, "मग आता पोरीला पारोशी ठेवायची का?"

नातीला न्हाऊ घालणं हे आईचं राज्य होतं. पाय पसरून पोरीला पायांवर पालथी घालायची, तेल जिरवायचं, डाळीचं पीठ लावायचं, कढत पाणी, मग शेगडीवर ओवा टाकून धुरी, मग सहाणेवर उगाळलेली गुटी चाटवायची, तीट लावायची आणि गुंडाळून झोपवायची. हे सगळं एका दमात चालायचं. कुठे काय संपलं आणि काय सुरू झालं ते पुरुषमाणसाला कळूच नये अशी ती व्यवस्था होती. मी आधी तेल बंद करवलं, मग पीठ, मग धुरी, आणि शेवटी न्हाणंच. नुसतं ओल्या फडक्याने पुसून काढायचं. क्षमाचं अंग बरेच दिवस अगदी स्वच्छ राहिलं. मी कचेरीतही सांगितलं की कारण सापडलं.

आणि एका सकाळी, न्हाणं नाही, धुरी नाही, तरी क्षमाचा वरचा ओठ टरारून सुजला. मी शर्ट घालून निमूट कचेरीत गेलो.

शेवटी डॉक्टर पिंग्यांकडे गेलो. यांचा दवाखाना स्टेशनाजवळ. माणूस तरुण, कमी बोलणारा. त्यांनी पोरीला उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "ॲलर्जी आहे." तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. एखादी वस्तू बाकी कुणाला काही करत नाही, पण हिच्या शरीराला ती शत्रू वाटते, असं त्यांनी समजावलं.

"कोणती वस्तू?" मी विचारलं.

"ती शोधायची."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही."

"नाही," डॉक्टर म्हणाले. मला तो माणूस त्या एका शब्दाकरता आवडला. आईला नाही आवडला. घरी येताना ती म्हणाली, "आजाराचं बारसं तेवढं झालं. पुढे काय?"

पुढे असं, की आठवडाभर क्षमाला आईचं दूध आणि भाताची पेज, बस्स. म्हशीचं दूध, नाचणीचं सत्त्व, केळं, डाळीचं पाणी सगळं बंद. अंग निवलं की एकेक पदार्थ सुरू करायचा. जो बाधेल तो चोर. चट्टे उठलेच तर गुलाबी औषध होतं, त्याने पोर गुंगून पडायची. ही पद्धत मला फारच पटली, कारण आम्हीही दाव्यात असंच करतो. मी घरात पहारा बसवला. क्षमाला माझं ताट दिसलं की ती रांगत येऊन मांडीवर चढायची, म्हणून मी बाहेरच्या गॅलरीत भिंतीकडे तोंड करून जेवायचो. आईच्या डोळ्यांना धार लागायची. "पोरीला उपाशी मारायचं शिक्षण घेतात का रे हे लोक?" ती म्हणायची. पण नियम तिने मोडला नाही.

अंग निवलं. आणि मग नुसत्या पेजेवर, काही म्हणता काही दिलेलं नसताना, क्षमाचे डोळे सुजून मिटले.

"काय दिलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही," आम्ही तिघं एकदम म्हणालो.

त्यांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. "काहीतरी दिलं असणार. आठवा."

"डॉक्टर, आम्ही खोटं बोलतोय का?" मी चिडलो. शुभा रडायला लागली. आणि आम्ही खोटं बोलत नव्हतोच. तिघंही देवाची शपथ घेऊन तेच बोललो असतो.

त्यानंतर घर बिघडलं. आई हळूच बिस्किट देत असणार, असा मला संशय. शुभा माझ्यामागे मासे खाते, असा आईला संशय. मी जळक्या गुदामांतून काय काय अंगाला लावून येतो आणि तसाच पोरीला घेतो, असं शुभाचं म्हणणं. मी आधी मोरीत जाऊन हातपाय, मग डोकं, मग अख्खी आंघोळ, असं करत करत घरात पाऊल टाकायला लागलो. तिकडे ट्रॉम्बेला माणसं अणूच्या पोटात शिरायच्या गोष्टी करत होती आणि इथे आम्हा तिघा शहाण्यांना एका पोरीच्या ओठाचं गणित सुटत नव्हतं.

अशात मुलुंडला माझा धाकटा भाऊ अनंत याची बायको जयंती बाळंत झाली. तिला माहेरचं कोणी नव्हतं, त्यामुळे बाळंतपण करायला आईलाच जायला हवं होतं. तिने आपलं बोचकं बांधलं, त्यात बाळंतिणीच्या घरी लागणार म्हणून सहाण आणि गुटीचा डबाही घेतला, आणि क्षमाकडे वळून वळून बघत गेली.

आणि क्षमा बरी झाली. नुसती बरी नाही, बाळसं धरायला लागली. शुभाचा धीर सुटला होता. डॉक्टरांना न विचारता तिने दूध सुरू केलं, सत्त्व सुरू केलं, केळं दिलं, एकदा वरणाचं पाणीही दिलं. पोरीने सगळं पचवलं आणि वर ताटली वाजवून आणखी मागितलं. आनंद व्हायचा तो झालाच, पण मी जास्तच गोंधळलो. सगळे आरोपी एका रांगेत निर्दोष सुटले होते. मग आग लावत होतं कोण?

बारसं उरकून आई परत आली. मुलुंडला अनंतने नवी सहाण आणली होती, म्हणून आपली जुनी आणि गुटीचा डबा ती परत घेऊन आली. आल्या आल्या तिने क्षमाला उचलून घेतलं आणि दोघी कितीतरी वेळ खिदळत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी क्षमाचं तोंड ओळखू येऊ नये इतकं सुजलं.

शेजारच्या वनमालाबाई नळावर शुभाला म्हणाल्या, "तुझ्या सासूबाई नव्हत्या तेव्हा पोर किती छान होती, नाही?" बोलल्या शुभाशी, पण आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येईल असा लावला होता. आई आत भाजी चिरत होती. विळी थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

असल्या गोष्टी मी मानत नाही. तसं मी शुभालाही त्या दिवशी ठणकावून सांगितलं. पण बोलता बोलता मन आपलं काम करत होतं, आणि सगळं जुळत होतं. आई गेली, पोर बरी. आई आली, पोर आजारी. एखाद्या गुदामाच्या बाबतीत एवढं जुळलं असतं तर मी पुढे तपासलंही नसतं.

क्षमाची सूज उतरली तशी आईने पुन्हा बोचकं बांधलं.

"मी अनंताकडे राहायला जाते."

"किती दिवस?"

"राहतेच आता."

"आई, काहीतरीच काय तुझं."

"तुझं कामच आहे ना रे हे? मी आले की आग लागते, गेले की विझते. आणखी काय तपासायचं राहिलंय?" ती हे रागाने म्हणाली असती तर मी भांडलो असतो. ती अगदी समजूत घातल्यासारखी म्हणाली. "माझा पायगुण वाईट असेल तर पोरीने का भोगावं? ती जगू दे. मला लांबून कळलं तरी पुरे."

शुभाने वाकून नमस्कार केला. "नका ना जाऊ," असंही म्हणाली, पण दार अडवलं नाही. मला तिचा संताप आला. आणि दार मीही अडवलं नाही.

जाण्याआधी आईने शुभाला शेजारी बसवलं आणि सहाण तिच्यापुढे सरकवली. गुटीचा डबा उघडून एकेक तिच्या हातात दिलं: वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ, खारीक, बदाम. प्रत्येकाला सहाणेवर किती वळसे द्यायचे ते दाखवलं. "बदामाला हात आखडू नकोस. पोर हडकली म्हणून हल्ली मी दुप्पट वळसे देत होते. मायेने उगाळ, घाई करू नकोस," म्हणाली आणि डोळे पुसून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शुभाने आयुष्यात पहिल्यांदा गुटी उगाळली. सासूला घालवून दिल्याचं तिच्या मनाला लागलं होतं, त्यामुळे तिने बदाम जरा जास्तच उगाळला. क्षमाने मिटक्या मारत चाटली. मी कचेरीत जायला शर्टाच्या गुंड्या लावत होतो. क्षमा खोकली, पुन्हा खोकली, आणि मग तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. ओठ फुगले. मी तिला उचललं आणि अनवाणीच धावत सुटलो. मागून शुभा धावत होती आणि काय ओरडत होती ते मला कळत नव्हतं.

डॉक्टरांनी बघताक्षणी इंजेक्शन दिलं. ती शिट्टी कमी होत होत थांबेपर्यंतचा वेळ मी पुन्हा कधी आठवत नाही. पोर रडली, मोठ्याने रडली, तेव्हा डॉक्टर खुर्चीत बसले आणि नेहमीचं विचारलं, "काय दिलंत?"

"काही–" शुभा म्हणाली आणि थांबली. आज घरात आई नव्हती. पायगुण मुलुंडला गेला होता आणि पोर इथे मरता मरता वाचली होती. शुभा आपल्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गुटी दिली."

"गुटी काय देण्यात धरायची?" मी म्हणालो. "ती तर नेहमीचीच."

"नेहमीची म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं. "पेजेच्या आठवड्यातही दिलीत?"

"सासूबाई द्यायच्या. पोरीला बरं वाटलं की. बरं नसेल तेव्हा नाही देत गुटी."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुम्ही खाण्याचं विचारलंत," शुभा म्हणाली. "गुटी खाण्यात कुठे येते? औषधातही नाही येत. गुटी ती गुटी."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मलाही पाजली आहे दोन वर्षं, माझ्या आजीने," ते म्हणाले. "मीही विचारलं नाही."

मग एकेक दुवा सरळ झाला. न्हाणं बंद होतं तेव्हा गुटीही राहिली होती, म्हणून अंग स्वच्छ. मग पोर फारच हडकली म्हणून एका सकाळी आईने न्हाऊ न घालताच गुटी दिली, आणि माझा सिद्धांत बुडाला. बरी झाली की गुटी, गुटी दिली की आजारी. मुलुंडला आई गेली तेव्हा तिच्याबरोबर सहाण गेली होती. काही दिवसांनी डॉक्टरांनी डब्यातलं एकेक वेगळं उगाळून क्षमाच्या दंडावर किंचित ओरखडून लावलं. वेखंड, जायफळ, खारीक, कशाने काही झालं नाही. बदाम लावला तिथे बघता बघता गांध उठली. इतके महिने आम्ही पोरीच्या तोंडचा घास काढून घेत होतो, आणि ज्याने ती जात होती तेच दर खेपेला थोडं जास्त देत होतो.

आईला आणायला मुलुंडला जायचं ठरलं. शुभा म्हणाली, "मी येते. क्षमालाही घेऊन येते. तुम्हाला नीट सांगता येणार नाही."

अनंतच्या घरी दारातच जयंतीने तक्रार केली. "भावोजी, आईंना काय झालंय? आल्यापासून बाळाला हातच लावत नाहीत. घ्या म्हटलं की उठून आत जातात." आई आत तांदूळ निवडत बसली होती. क्षमाला पाहून तिचा चेहरा फुलला आणि लगेच ती मागे सरकली, भिंतीला टेकेपर्यंत.

मी सगळं भडाभडा सांगितलं. मला अगदी घाई झाली होती. "तेव्हा तुझा पायगुण वगैरे काही नाही, आई. बदाम होता. नुसता बदाम." मला वाटलं होतं ती हसेल, देवाला हात जोडेल, वनमालाबाईंना चार शिव्या घालेल.

आई सुपातले तांदूळ बोटाने इकडून तिकडे सारत राहिली.

"पायगुण असता तर बरं होतं रे," ती म्हणाली. "तो काय माझ्या हातात होता? हे तर मी माझ्या हाताने केलं. ती वाळत गेली तशी मी वाढवत गेले."

दाव्यात कारण सापडलं की आमचं काम संपतं. त्या कारणाशी पुढे काय बोलायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

शुभा पुढे झाली. "शेवटची मी दिली," ती म्हणाली. "तिचा श्वास अडकला तो माझ्या हातून, तुमच्या नाही." आणि तिने क्षमाला उचलून सरळ आईच्या मांडीवर ठेवलं.

पीठ लागलेले हात धरावेत तसे आईने दोन्ही हात वर धरले. पोरीला कुठेही स्पर्श होऊ नये म्हणून ती अवघडून बसली होती. क्षमाने तिच्याकडे पाहिलं, पुढे वाकून तिचा एक हात ओढला, बोट तोंडात घातलं आणि चोखायला लागली. आईने चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. क्षमाने भोकाड पसरलं आणि त्या हाताच्या दिशेने झेपा टाकायला लागली.

"पाणी दे," आई मला म्हणाली.

मी तांब्या आणला. आईने हात धुतला, कोपरापर्यंत, नखं नखांनी घासून, पुन्हा एकदा. मग तो ओला हात तिने शुभापुढे धरला. "बघ गं, काही राहिलंय का."

शुभा 'असू दे हो' म्हणाली नाही. तिने तो हात आपल्या हातात घेतला, उजेडाकडे वळवला आणि एकेक नख नीट पाहिलं.

"स्वच्छ आहे," ती म्हणाली. "द्या."

आईने बोट पुढे केलं. क्षमाने ते घट्ट धरलं, तोंडात घालून चोखून पाहिलं. काहीच चव लागली नसणार, तरी तिने ते सोडलं नाही. आई रडत होती, पण बोट काढून घेत नव्हती.